दुरुस्तीच्या ओळीही वाचाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन रोमच्या बांधकामांवर आलेला लेख आवडीने वाचला. छायाचित्रं सुरेख होती आणि लेखकाला विषयाबद्दल मनापासून प्रेम आहे हे ओळीओळीतून कळत होतं. मात्र मथळ्याखाली ठळक अक्षरांत छापलेलं एक वाक्य मला मान्य नाही. रोमनांनी एकदा बांधलं आणि पुढे दोन हजार वर्षं त्याला हात लावावा लागला नाही, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मी पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ नव्या योजनांवर न जाता जुन्या योजनांच्या देखभाल-दुरुस्तीत गेला. त्यामुळे रोमनांबद्दलच्या याच एका मुद्द्यावर मला बरंच काही सांगायचं आहे. पत्र लांबलं आहे, पण शक्य तर न कापता छापावं, ही विनंती.

रोम शहरात पोर्ता माज्जोरे नावाचं एक दुहेरी कमानीचं दार आहे. सम्राट क्लॉडियसच्या काळात दोन मोठे पाट शहरात आणले गेले, अ‍ॅक्वा क्लॉडिया आणि अ‍ॅनिओ नोव्हस. त्यांना दोन हमरस्ते ओलांडायचे होते, म्हणून ही कमान बांधली. आज भोवती ट्रामचे रूळ आहेत आणि गोंगाट भरपूर आहे. मान वर करून पाहिलं की माथ्यावर एकाखाली एक असे तीन कोरीव लेख दिसतात. सगळ्यात वरचा लेख क्लॉडियसचा. इ. स. ५२ मध्ये मी स्वतःच्या खर्चाने हे पाणी आणलं, असं तो सांगतो. त्याखालचा लेख इ. स. ७१ चा, सम्राट व्हेस्पेशियनचा. क्लॉडियसने आणलेला हा पाट पुढे बंद पडला, नऊ वर्षं मोडकळीला आलेला होता आणि मी तो स्वखर्चाने शहराला परत मिळवून दिला, असं त्यात कोरलं आहे. तिसरा लेख त्याच्या मुलाचा, टायटसचा, इ. स. ८१ चा. त्यात पुन्हा तेच: जुनाट होऊन ढासळलेला पाट मूळ उगमापासून नव्याने उभा केला.

हिशेब करून पाहावा. ५२ साली उद्घाटन, ७१ साली दुरुस्ती, त्याआधी नऊ वर्षं बंद. म्हणजे साधारण दहा वर्षं चालल्यावर साम्राज्यातला सगळ्यात खर्चिक पाट कोरडा पडला होता, आणि मोठी दुरुस्ती केल्यावर आणखी दहा वर्षांनी पुन्हा हात घालावा लागला. हे मी रोमनांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर इथूनच सुरू होतो. आपल्या वडिलांच्या काळात झालेल्या कामातला दोष दगडात कोरून शहराच्या दारावर लावणं आणि दुरुस्तीचं श्रेय बांधणाऱ्याच्या श्रेयाच्या बरोबरीने मिरवणं, ही सवय मला फार मोठी वाटते. आपण पर्यटक वरची ओळ वाचतो, फोटो काढतो आणि पुढे जातो.

पँथियन या रोममधल्या प्राचीन मंदिराचंही तसंच आहे. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत सम्राट ऑगस्टसचा सहकारी असलेल्या अ‍ॅग्रिपाचं नाव आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याखाली बारीक अक्षरांत एक दुसरा लेख आहे. इ. स. २०२ मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि कॅराकॅला यांनी जुनेपणामुळे खराब झालेलं पँथियन साऱ्या सजावटीसह दुरुस्त केलं, असं तो सांगतो. आज उभी असलेली इमारत हॅड्रियनच्या काळातली, इ. स. १२० च्या आसपासची. म्हणजे जेमतेम ऐंशी वर्षं झाली होती. पुढे ६०९ मध्ये तिचं चर्च झालं आणि तेव्हापासून ती कधी ओस पडली नाही. ६६३ मध्ये छपरावरचे सोनेरी मुलाम्याचे कांस्यपत्रे काढून नेले गेले, त्यानंतर आठव्या शतकात एका पोपने शिशाचे पत्रे बसवून घुमट झाकला. घुमट टिकला याचं एक कारण त्याची बांधणी हे आहेच, पण पाणी आत मुरू नये म्हणून कोणीतरी दर पिढीत वर चढत होतं, हे दुसरं कारण.

रोमन लोक स्वतः बांधकामाच्या आयुष्याबद्दल काय मानत होते, तेही पाहण्यासारखं आहे. ऑगस्टसच्या काळातल्या व्हिट्रूव्हियस या वास्तुविशारदाने सामायिक भिंतींचं मूल्य कसं ठरवायचं ते लिहून ठेवलं आहे. मऊ दगडाच्या भरावाची भिंत असेल तर बांधायला आलेल्या खर्चातून दर वर्षाला ऐंशीवा हिस्सा वजा करायचा, कारण अशी भिंत ऐंशी वर्षांपलीकडे टिकत नाही असं मूल्यांकन करणारे धरून चालत. आम्ही खात्यात घसारा काढायचो त्याचाच हा प्रकार. ज्या समाजात भिंतीचा घसारा वर्षाच्या हिशेबाने ठरलेला आहे, तो समाज अमरत्वाच्या भ्रमात नव्हता.

आता काँक्रीटबद्दल, कारण लेखाचा बराच भाग त्याच्यावर आहे. रोमन काँक्रीट थोरच आहे. भाजलेला चुना आणि नेपल्सच्या उपसागराकाठची ज्वालामुखीची राख एकत्र आली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होणारा मसाला तयार होतो. समुद्रातल्या कामासाठी एक भाग चुन्याला दोन भाग राख, असं प्रमाण व्हिट्रूव्हियसने दिलं आहे. ही राख इतकी मोलाची होती की राजा हेरोडने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीला सिझेरियाचं बंदर बांधलं तेव्हा ती इटलीहून जहाजांनी नेली गेली. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मसाल्यात दिसणाऱ्या पांढऱ्या चुन्याच्या गुठळ्या हा निष्काळजीपणा नसून कळीचा (न विझवलेला) चुना थेट मिसळून मसाला गरम असतानाच तयार केल्याचा तो परिणाम आहे. तडा गेला आणि पाणी आत शिरलं की या गुठळ्यांतला चुना विरघळतो, तड्यात पुन्हा स्फटिक होऊन बसतो आणि तडा बुजतो. हे सगळं आपल्या लेखात आलं आहे आणि बरोबर आलं आहे.

पण हे बारीक तडे आहेत, मिलिमीटरच्या आतले. पाया खचला, भूकंप झाला, झाडाचं मूळ कमानीत शिरलं, तर चुन्याची गुठळी काही करू शकत नाही. शिवाय आजच्या काँक्रीटशी केलेली तुलना मला अपुरी वाटते. रोमन काँक्रीटमध्ये लोखंडी सळई नाही. ते फक्त दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून त्यांना कमानी, घुमट आणि जाडजूड भिंतीच बांधाव्या लागल्या. सळई नसल्यामुळे सळई गंजून काँक्रीट फुटण्याचा प्रश्नही त्यांच्यापुढे नव्हता. पँथियनचा घुमट आतून ४३.३ मीटर व्यासाचा आहे. पायथ्याशी तो सुमारे सहा मीटर जाड, माथ्यावरच्या गोल झरोक्यापाशी जेमतेम सव्वा मीटर. खाली जड दगडाची खडी, मध्ये विटांचे तुकडे आणि ज्वालामुखीतला हलका दगड, आणि माथ्याजवळ पाण्यावर तरंगेल असा प्यूमिस. वजन वरवर हलकं करत नेलं आहे. एवढं करूनही घुमटाला खालून वर जाणारे उभे तडे गेलेच. ते पूर्वीच गेले आहेत आणि घुमट त्यांच्यासकट उभा आहे, कारण तड्यांमधले भाग एकमेकांना टेकलेल्या कमानींसारखे वागतात. मला त्यांचं कौशल्य दिसतं ते या बेतात. तडा जाणार हे धरून, तो गेल्यावरही इमारत पडू नये अशी जाडी त्यांनी ठेवली.

माझ्या मनातला खरा नायक मात्र या घुमटाचा बांधणारा नाही. तो आहे सेक्स्टस जूलियस फ्रंटिनस. इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. त्याआधी तो कॉन्सल (रोमच्या सर्वोच्च पदावरचा अधिकारी) झाला होता, ब्रिटनचा राज्यपाल होता. एवढा मोठा माणूस या खात्यात आला आणि पहिली गोष्ट काय केली, तर सगळी माहिती स्वतः गोळा करून लिहून काढली. हाताखालच्यांच्या सांगण्यावर खातं चालवणं याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट भल्या माणसाला दुसरी नाही, असं त्याने सुरुवातीलाच लिहिलं आहे. ते टिपण आजही उपलब्ध आहे. नव्याने खात्यात लागणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने ते वाचावं, असं मला वाटतं.

त्याच्या काळात रोमला नऊ पाट होते. सगळ्यात जुना अ‍ॅपिया, इ. स. पू. ३१२ चा. त्याची लांबी साडेसोळा किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला जमिनीवर दिसणारा भाग शंभर मीटरसुद्धा नाही. मार्सिया ९१ किलोमीटर लांब, पण त्यातले ऐंशी किलोमीटर जमिनीखालून. आपल्या लेखातल्या सगळ्या छायाचित्रांत कमानीच आहेत आणि त्यात नवल नाही, त्याच दिसतात. पण पाण्याचा बहुतेक प्रवास अंधारातून होतो. वरून ठरावीक अंतरावर उतरायला विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असत, आणि ऑगस्टसच्या काळात पाटाच्या कडेने दर २४० रोमन फुटांवर क्रमांक कोरलेले दगड रोवले होते. गळती कुठे आहे हे सांगायचं तर दगडाचा क्रमांक सांगायचा! चेनेजचे (अंतर दाखवणारे) दगड पाहत ज्यांनी लाइन चालून काढली आहे, त्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

फ्रंटिनसने पाटांचे नकाशे करून घेतले. दरी कुठे, नदी कुठे, डोंगरउताराला पाट कुठे चिकटून जातो, हे डोळ्यांसमोर राहावं आणि जागेवर उभं असल्यासारखा निर्णय घेता यावा, म्हणून. मग त्याने खात्याच्या नोंदी तपासल्या. पाण्याचं माप होतं क्विनारिया. नोंदींनुसार उगमाकडून आलेलं पाणी १२,७५५ क्विनारिया आणि वाटलेलं पाणी १४,०१८. आलेल्या पाण्यापेक्षा वाटलेलं पाणी जास्त! दुसरा कुणी असता तर फाइल मिटवून टाकली असती. हा माणूस पाटांच्या उगमाकडच्या मुखाशी जाऊन मोजमाप करून आला, आणि तिथे नोंदींपेक्षा सुमारे दहा हजार क्विनारिया जास्त पाणी निघालं. वेगाचा परिणाम मोजायची नेमकी पद्धत त्या काळी नव्हती, त्यामुळे त्या आकड्यांवर आज बोट ठेवता येतं. पण पाणी वाटेत जातं कुठे हा प्रश्न त्याने आकडे घेऊन विचारला, आणि उत्तरही शोधलं.

उत्तर ओळखीचं आहे. नळाच्या तोंडाशी बसवायची कांस्याची तोटी ठराविक मापाची, शिक्का मारलेली असायला हवी होती. काही ठिकाणी मोठ्या मापाची सापडली, काही ठिकाणी शिक्काच नव्हता. एखाद्याची जोडणी दुसऱ्याच्या नावावर झाली की हौदाला नवं भोक पाडत आणि जुनं तसंच ठेवून त्यातलं पाणी खात्यातलेच लोक विकत. फरसबंदीखालून शहरभर चोरनळ गेलेले होते, त्यांना जागोजाग भोकं पाडून वाटेतल्या दुकानांना पाणी दिलं जात होतं. ते नळ उखडले तेव्हा त्यातून बरंच शिसं निघालं, असं तो नोंदवतो. एवढ्या बारकाईने आपल्याच खात्याची चोरी लिहून ठेवणारा अधिकारी मला दुसरा माहीत नाही.

आणि माणसं. खात्याकडे दोन टोळ्या होत्या. एक २४० माणसांची, जी अ‍ॅग्रिपाने स्वतः उभी केली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर ऑगस्टसने राज्याला दिली. दुसरी ४६० माणसांची, क्लॉडियसने नेमलेली. एकूण ७००, सगळे गुलाम. त्यांत तोट्या आणि नळ सांभाळणारे होते, वाटपाच्या हौदांवर बसणारे होते, पाटाच्या कडेने गस्त घालणारे होते, फरशी उकरून परत बसवणारे होते, गिलावा करणारे गवंडी होते. काही जण शहराबाहेर ठेवलेले असत, कारण तिथलं काम छोटं असलं तरी ताबडतोब व्हावं लागतं. फ्रंटिनस आला तेव्हा यातली बरीच माणसं मुकादमांच्या मर्जीने खासगी कामांवर राबत होती. त्याने ते बंद केलं. उद्या कोणत्या टोळीने काय करायचं ते आदल्या दिवशी लिहून द्यायचं आणि रोज काय झालं ते वहीत नोंदवायचं, अशी शिस्त लावली. आमच्या मस्टर आणि कामाच्या डायरीचा हा पूर्वज. या सातशे जणांतल्या एकाचंही नाव त्या टिपणात नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांना या कामातून निवृत्तीही नव्हती आणि ते काम त्यांनी स्वतः निवडलेलंही नव्हतं. रोमन अभियांत्रिकीचं कौतुक करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

दुरुस्तीबद्दलचं त्याचं लिखाण तर आजच्या विभागीय परिपत्रकासारखं आहे. बिघाड का होतो? जुनेपणामुळे, वादळवाऱ्यामुळे, कडेच्या जमीनमालकांच्या दांडगाईमुळे, किंवा मुळातच काम वाईट झाल्यामुळे. हे शेवटचं कारण अलीकडच्या कामांत जास्त आढळतं, अशी पुस्ती तो जोडतो. हे त्याने इ. स. १०० च्या आसपास लिहिलं आहे. कमानींवरचे, डोंगरउताराचे आणि नदी ओलांडणारे भाग सगळ्यात जास्त झिजतात. जमिनीखालचे कमी, कारण त्यांना ऊन आणि हिमाचा त्रास नाही. पाण्यातला क्षार जमून कठीण पापुद्रा धरतो आणि पाटाची रुंदी कमी होते. हे पाहायचं असेल तर दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराच्या पाटात पाहावं. पाँ द्यू गार हा सुमारे ४९ मीटर उंचीचा तीनमजली पूल त्याच पाटाचा भाग. पन्नास किलोमीटरच्या लांबीत एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरला पंचवीस सेंटिमीटर. त्या काळच्या पाणपातळीच्या उपकरणांनी एवढा सपाट उतार साधणं म्हणजे काय, हे लेव्हल लावणाऱ्यांनाच विचारावं. पण त्या पाटात नंतरच्या काळात चुनखडीचा थर इतका वाढला की तो काही जागी हातभर जाड झाला आणि पाणी आटत गेलं. उत्कृष्ट बांधणी होती, साफसफाई थांबली आणि पाट बंद पडला.

फ्रंटिनस पुढे सांगतो: दुरुस्ती एप्रिल ते ऑक्टोबर या काळात करावी, पण ऐन उन्हाळ्यात थांबावं, कारण मसाला सावकाश जमायला हवा, कडक ऊन त्याला हिमाइतकंच बाधतं. पाणी कमीत कमी दिवस बंद राहावं म्हणून साहित्य आधी तयार ठेवावं. एका वेळी एकच पाट बंद करावा, दोन बंद केले तर शहर तहानेलं राहील. कमानीची दुरुस्ती करताना पाणी तोडायचं नसेल तर तुटलेल्या जागेवरून शिशाचे तात्पुरते पन्हळ टाकावेत. पाण्याला तोंड देणाऱ्या कामाइतकी काळजी दुसऱ्या कोणत्याच कामाला लागत नाही, म्हणून सगळ्यांना माहीत असलेले पण फार थोडे लोक पाळतात ते नियम इथे प्रामाणिकपणे पाळले गेले पाहिजेत, असंही तो म्हणतो. कायदाही त्याच्या पाठीशी होता. इ. स. पू. ११ च्या सिनेटच्या ठरावानुसार उगम, कमानी आणि भिंतींच्या दोन्ही बाजूंना पंधरा फूट आणि जमिनीखालच्या पाटाच्या दोन्ही बाजूंना पाच फूट जागा मोकळी ठेवायची. तिथे थडगं, इमारत, झाड काही नको. नियम मोडणाऱ्याला दहा हजार सेस्टर्शस (रोमन नाणी) दंड, त्यातला अर्धा तक्रार करणाऱ्याला. झाडांच्या मुळांनी पाट फुटतो हे त्यांनी अनुभवाने शिकून कायद्यात घातलं होतं.

दुसरी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. आपल्याला रोमनांचं जे दिसतं ते शिल्लक राहिलेलं आहे. पडलेलं दिसत नाही, म्हणून ते पडत नव्हतं असं वाटतं. इ. स. २७ मध्ये रोमजवळच्या फिडीनी गावात अ‍ॅटिलियस नावाच्या माणसाने पैसे कमावण्यासाठी लाकडी प्रेक्षागार उभं केलं. पाया पक्क्या जमिनीवर घेतला नाही, लाकडाचे जोड नीट बांधले नाहीत. गर्दी भरली आणि सगळा सांगाडा कोसळला. रोमन इतिहासकार टॅसिटसने मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांचा आकडा पन्नास हजार दिला आहे. आकडा फुगलेला असेल, तरी अपघात भयंकर होता. त्यानंतर सिनेटने ठरवलं की चार लाख सेस्टर्शसपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने असे खेळ भरवू नयेत आणि जमिनीचा भक्कमपणा तपासल्याशिवाय प्रेक्षागार बांधू नये. अ‍ॅटिलियसला हद्दपार केलं. कलोझियम उभं राहिलं ते या घटनेनंतर अर्ध्या शतकाने, नीरोच्या तळ्याच्या जागेवर, आणि त्याच्याखाली काँक्रीटचं बारा-तेरा मीटर जाडीचं कडं आहे. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की कलोझियमचा पाया अधिक समजतो. रोममधल्या भाड्याच्या बहुमजली घरांची तर कथाच वेगळी. ती इतकी पडत आणि जळत की ऑगस्टसने उंचीवर सत्तर फुटांची मर्यादा घातली आणि ट्रेजनने ती साठ फुटांवर आणली.

कलेबद्दल दोनच शब्द. लेखात पुतळे आले, भित्तिचित्रं आली. पण ज्या शिल्पांत काम करणारी माणसं दिसतात ती राहून गेली. व्हॅटिकनच्या संग्रहात हॅटेरी घराण्याच्या थडग्यावरचा एक उठाव आहे. त्यात बांधकामाची मोठी यारी (क्रेन) कोरली आहे, तिच्या पायचाकात माणसं चढताहेत आणि त्यांच्या वजनाने दोर गुंडाळला जातो आहे. माथ्यावरही दोघं दोर सांभाळायला बसले आहेत. इ. स. ११३ च्या ट्रेजनच्या स्तंभावर युद्धाची कथा कोरली आहे, पण सैनिक लढताना दिसतात त्याहून कितीतरी वेळा ते झाडं तोडताना, विटांसारख्या कापलेल्या मातीच्या लाद्या उचलताना, तटबंदी आणि रस्ते करताना दिसतात. डॅन्यूब नदीवरचा, वास्तुविशारद अपोलोडोरसने बांधलेला पूलही तिथे आहे. राजाच्या विजयस्तंभावर पाट्या आणि टोपल्या वाहणाऱ्यांना इतकी जागा मिळाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि एक माणूस सांगायलाच हवा. आजच्या अल्जीरियात, साल्डी गावाला पाणी आणण्यासाठी डोंगरातून बोगदा काढायचा होता. तिसऱ्या ऑगस्टा सैन्यदलातल्या नोनियस डेटस या मोजणीदाराने आखणी करून दिली आणि तो परत गेला. दोन्ही बाजूंनी खोदकाम सुरू झालं. काही वर्षांनी, इ. स. १५० च्या सुमारास, त्याला पुन्हा बोलावणं आलं. तोवर तो निवृत्त झाला होता. वाटेत दरोडेखोरांनी त्याला लुटलं आणि जखमी केलं, कसाबसा तो साल्डीला पोहोचला. तिथे सगळे खचून बसले होते. दोन्ही बाजूंनी खणलेली लांबी मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झाली होती, तरी बोगदे भेटले नव्हते. दोन्हीकडची खुदाई आपापल्या उजवीकडे सरकत गेली होती. त्याने पुन्हा मापं घेतली, दोन सैन्यतुकड्यांत खोदायची चुरस लावून दिली आणि बोगदा जोडून दिला. पाणी आलं. हे सगळं त्याने स्वतःच एका दगडावर कोरून ठेवलं, आणि त्या दगडावर तीन स्त्रियांचे मुखवटे आहेत: सहनशीलता, धैर्य, आशा. क्षेत्रावर काम केलेल्या कोणालाही तो लेख वाचताना गहिवरून येईल. मला आलं.

रोमचा एक पाट आजही पाणी देतो. इ. स. पू. १९ मध्ये अ‍ॅग्रिपाने आणलेला अ‍ॅक्वा व्हर्गो. तो जवळजवळ सगळा जमिनीखालून येतो. ५३७ मध्ये गॉथ सैन्याने वेढा घातला आणि शहराचे पाट तोडले. त्यानंतर आठव्या शतकात पोप पहिल्या हेड्रियनने तो दुरुस्त केला, १४५३ मध्ये पाचव्या निकोलसने, पुन्हा १५७० मध्ये पाचव्या पायसने. ट्रेव्हीच्या कारंज्याला पाणी देणारा पाट हाच. फ्रंटिनसनंतर बांधलेले दोन धरून बाकीचे दहा पाट मोडले आणि हा चालू राहिला, याचं कारण शोधताना काँक्रीटच्या रसायनाइतकंच या दुरुस्त्यांकडे पाहायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या अंकात त्या ठळक वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि लेखकाने या मालिकेचा पुढचा भाग लिहिला तर पोर्ता माज्जोरेचं छायाचित्र जवळून घेतलेलं छापावं, ज्यात व्हेस्पेशियन आणि टायटसच्या ओळी वाचता येतील, आणि त्यांचं मराठी भाषांतर खाली द्यावं.

आपली,
एक निवृत्त कार्यकारी अभियंता (पाणीपुरवठा)